ओंजळभर बेदाणे म्हणजे किती द्राक्षं?

'सुकामेवा' हा आपला शब्द फार दिलदार आहे. काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे, खजूर, अंजीर, जर्दाळू, सगळे त्याच्या पोटात मावतात. दिवाळीला ऑफिसमधून मिळणाऱ्या चौकोनी डब्यातही ते शेजारी-शेजारी खणांत बसलेले असतात. पण बदाम ही बी आहे आणि बेदाणा म्हणजे पाणी काढून घेतलेलं फळ. ज्यांचं पोट धडधाकट आहे त्यांना या फरकाशी काही देणंघेणं नाही. मला आहे. मला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे. आपल्या घरांमध्ये त्याला 'हिचं पोट नाजूक आहे' असं म्हणतात आणि पुढे वाटी सरकवतात.

माझं माहेर सांगलीकडचं. मामाची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड तासगावच्या बाजूला. सासर हैदराबादेत, काचीगुड्याला चार पिढ्या राहिलेलं. म्हणजे एकीकडून बेदाण्याची पोती आणि दुसरीकडून खुबानी का मीठा. मधे मी आणि माझं पोट.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण हा शब्द हल्ली कोणीही कशालाही लावतो. पोटदुखी सरासरी आठवड्यातून एकदा तरी, गेले तीन महिने. ती शौचाशी जोडलेली, किंवा दुखण्याबरोबर शौचाच्या वेळा आणि स्वरूप बदललेलं. आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले. डॉक्टर ज्यांना रोम निकष म्हणतात त्यांच्या 2016 च्या आवृत्तीत साधारण असं धरलेलं आहे. कुणाला जुलाबाकडे झुकणारा त्रास असतो, कुणाला बद्धकोष्ठाकडे, कुणाला आलटून-पालटून दोन्ही. माझा जुलाबाकडचा. सकाळी दहाला टीमची मीटिंग असते, आणि एमजीबीएसहून मेट्रो पकडून अमीरपेटला बदलून रायदुर्गला पोचेपर्यंत मला प्रत्येक स्टेशनवरचं स्वच्छतागृह कुठे आहे ते पाठ झालं होतं.

त्या वर्षी माझं वजन 58 किलोवरून 51 वर आलं आणि हिमोग्लोबिन 9.4 निघालं. इथून सुकामेव्याची खरी गोष्ट सुरू होते. रक्त कमी म्हटल्यावर घरातल्या, शेजारच्या, फोनवरच्या प्रत्येक बाईने एकच उपाय सांगितला: रात्री काळ्या मनुका आणि अंजीर भिजत घाल, सकाळी खा, वर ते पाणीही पी. सासूबाई तर स्वतः उठून वाटी आणून ठेवायच्या. "भिजवलेलं आहे गं, काही होत नाही, खा." सासूबाईंनी पहाटे भिजवून आणलेली वाटी परत कशी करायची हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकवत नाहीत. नऊ वाजता पोट गुबारायचं, साडेनऊला मुरडा.

पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सुकामेव्याचं नावही काढलं नाही. वजन घटणं आणि रक्त कमी असणं या दोन गोष्टी नुसत्या आयबीएसच्या खात्यावर टाकायच्या नसतात, असं त्यांनी सांगितलं. शौचातून रक्त जाणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, हेही त्याच यादीत. म्हणून आधी तपासण्या. त्यात गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलियाक आजाराची रक्ततपासणीही होती. ही तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. माझ्या चुलतनणंदेने इंटरनेटवर वाचून पोळी आधीच सोडली होती. तिला डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे पोळी खायला लावून मग रक्त घेतलं. तेव्हा पोट बिघडतंय म्हणून गहू सोडायच्या विचारात असाल तर आधी तपासणी, मग प्रयोग.

माझ्या तपासण्या चांगल्या आल्या. रक्त कमी होण्याचं कारण पाळीतला जास्त रक्तस्राव निघालं आणि त्यावर वेगळे उपचार सुरू झाले. मग मी घरी बसून मनुकांचा हिशेब केला. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. 100 ग्रॅम मनुकांत असतं साधारण दोन मिलिग्रॅम. सकाळच्या वाटीतल्या 30 ग्रॅममधून मिळाले अर्धा-पाऊण मिलिग्रॅम, आणि वनस्पतीतलं लोह असल्यामुळे त्यातलंही थोडंच शरीरात शिरतं. खजूर यापेक्षा फार पुढे नाही. हा कागद मी आईंना दाखवला. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आम्ही काय केलं?" मला उत्तर सुचलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वाटी आली नाही.

आता मुख्य मुद्दा. फळ सुकवताना त्यातून जातं ते पाणी. साखर जशीच्या तशी राहते, फक्त जागा कमी घेते. ताज्या द्राक्षात सुमारे 80 टक्के पाणी असतं, बेदाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास. मामाच्या शेडवर हे डोळ्यांनी दिसतं. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होऊन पाणी लवकर बाहेर पडतं, आणि मग सावलीत जाळ्यांवर पसरतात. दोनेक आठवड्यांनी चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. म्हणजे चिवड्यातून वेचून खाल्लेले ओंजळभर, 40 ग्रॅम बेदाणे, ही 160 ग्रॅम द्राक्षं झाली. द्राक्षं खाताना हात आपोआप थांबतो, कारण तोंड आणि पोट पाण्याने भरतं. बेदाणे खाताना हात थांबवणारं कुणी नसतं.

धडधाकट माणसाला या साखरेने काही होत नाही. आमच्यासारख्यांना का होतं? फळं, कांदा, डाळी यांत काही साखरा आणि त्यांच्या छोट्या साखळ्या अशा असतात की त्या लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना 2005 मध्ये 'फॉडमॅप' असं एकत्र नाव दिलं. सुक्या फळांच्या बाबतीत त्यातल्या दोघांशी जास्त गाठ पडते. एक सॉर्बिटॉल, जे जर्दाळू आणि प्रूनमध्ये भरपूर असतं. दुसरं फ्रक्टॅन, अंजीर आणि खजुरातलं. फ्रक्टॅन तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नसतंच, कुणाच्याही. सॉर्बिटॉल हळूहळू शोषलं जातं आणि तोवर आतड्यात पाणी ओढून घेतं. उरलेलं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू होतो. हे तुमच्याही पोटात होतं. फरक इतकाच की आयबीएसवाल्यांच्या आतड्याच्या नसा त्या ताणाची तक्रार फार लवकर आणि फार मोठ्याने करतात.

शुगर-फ्री च्युइंगमच्या पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यातल्या पॉलिऑल्समुळे पोट सैल होऊ शकतं. सॉर्बिटॉल हे त्याच पॉलिऑल्सपैकी. जर्दाळूच्या पुड्यावर असं कुणी लिहीत नाही.

हैदराबादी जर्दाळू, म्हणजे खुबानी, बेगम बाजारात मिळते ती छोटी, तपकिरी, कडक, बीसकट. दुकानातले लुसलुशीत केशरी जर्दाळू वेगळे. त्यांचा रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो (दमा असलेल्यांनी पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा 220 हा आकडा बघून घ्यावा). खुबानी रात्रभर भिजवतात, बी काढतात आणि त्याच पाण्यात साखर घालून आटेपर्यंत शिजवतात. वर मलई, नाहीतर कस्टर्ड, नाहीतर आइस्क्रीम. इथल्या कुठल्याही लग्नात, मग ते मराठी असो, तेलुगू असो की मुसलमानांचं, शेवटी ती वाटी येतेच. एका वाटीत सहज आठ-दहा खुबान्या असतात. आठ-दहा ताजे जर्दाळू कुणी एका बैठकीत खाणार नाही. शिवाय मलईतलं लॅक्टोज, तेही फॉडमॅपच. माझ्या आतड्याच्या दृष्टीने ही वाटी म्हणजे चहूबाजूंनी हल्ला आहे.

"पण भिजवल्यावर पोटाला हलकं होतं ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. भिजवल्याने तंतू मऊ होतात, चावायला सोपं जातं, ते खरं. या साखराही पाण्यात विरघळतात, तेही खरं. पण मग त्या पाण्यात उतरतात, आणि आपण ते पाणी पितो किंवा त्यातच शिजवतो. पाणी फेकलं तरच थोडा फरक पडेल. खुबानीचं पाणी फेकायचा विचार मी एकदा बोलून दाखवला होता. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चारमिनार पाडायचा प्रस्ताव मांडला आहे.

माझी आहारतज्ज्ञ पहिल्याच दिवशी म्हणाली की तिला माझी खाण्याची यादी छोटी करायची नाही, मोठी करायची आहे. फॉडमॅपची पद्धत तीन टप्प्यांची असते. पहिले दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे. मग एकेक गट परत आणून पाहायचा. मग आपल्यापुरता कायमचा आहार ठरवायचा. पुष्कळ लोक पहिल्या टप्प्यावरच वर्षानुवर्षं राहतात, आणि ते वाईट, कारण याच साखरांवर आतड्यातले काही उपयोगी जिवाणू जगतात. दुसरा टप्पा मला आवडला. सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, तसंच हे. एक फळ, तीन दिवस, रोज थोडं जास्त, बाकी जेवण तेच. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि मोबाइलमधली नोंद. सण, लग्न, प्रवास, पाळी, प्रॉडक्शन रिलीज हे आठवडे वगळायचे, कारण ताणाने आणि कमी झोपेनेही पोट बिघडतं, आणि दोष बिचाऱ्या बेदाण्याला जातो.

माझी उत्तरं अशी आली: बेदाणे साधारण 25 दाणे, म्हणजे 12-13 ग्रॅम, चालतात. खुबानी दोन, बिनमलईची. अंजीर अर्ध्यापर्यंत. खजूर एक. काजू आणि पिस्ते मला मुळीच झेपत नाहीत. ती सुकी फळं नव्हेत, पण त्यांच्यातही या साखळ्या भरपूर असतात. बदाम आठ-दहा आणि अक्रोड बिनधास्त. ही माझी यादी आहे. तुमची वेगळी येईल, म्हणून ही फ्रिजवर चिकटवू नका. आणि प्रत्येक गोष्ट एकटी चालली तरी बेरीज होते. शिऱ्यातले बेदाणे, दुपारी एक खजूर आणि संध्याकाळी चिवडा असा दिवस मला जड जातो.

फळांचं हे कोडं सुटलं तरी भाज्यांचं राहिलं होतं, आणि ते माहेरहून आलं होतं. सांगली-कोल्हापूरकडे ज्याला आम्ही नुसतं 'चटणी' म्हणतो तो कांदा-लसूण मसाला. वर्षाची चटणी आईकडून येते. ती करताना कांदा चिरून उन्हात वाळवतात, मग तेलात तळतात, लसूण, खोबरं, मिरची आणि मसाल्यांबरोबर कुटतात. कांद्यात जवळजवळ 90 टक्के पाणी. आठ-दहा किलो कांदा वाळला की किलोभर उरतो, आणि कांदा-लसूण म्हणजे फ्रक्टॅनचं आगर. ताटात कांदा कुठे दिसत नाही, 'मी कांदा खाल्लाच नाही' असं वाटतं, आणि दोन चमचे चटणीतून तो आत गेलेला असतो. वेफर्स, नूडल्सचे मसाले, सूपच्या पावडरी, बाहेरच्या ग्रेव्ह्या यांतही कांदा-लसणाची पावडर असते. आयबीएस असलेल्यांनी पाकिटाच्या मागे हीच ओळ आधी वाचावी, असं माझं मत आहे. कॅलरी नंतर.

यातून एक वाट निघाली. फ्रक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेव्हा लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद तळून काढून टाकायच्या. स्वाद तेलात राहतो, त्रास पाकळीबरोबर जातो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वाळवायची, कारण फ्रक्टॅन मुख्यतः पांढऱ्या भागात असतात. आईने गेल्या चैत्रात अशी पाव किलो चटणी माझ्यासाठी वेगळी करून पाठवली. ती मूळ चटणीसारखी लागते असं मी म्हणणार नाही. पण ती घातलेला तांबडा रस्सा मी पोटभर खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

गच्चीवरचं बाकीचं वाळवण मला बऱ्यापैकी मानवतं. साबुदाण्याच्या आणि तांदळाच्या पापड्या म्हणजे मुख्यतः स्टार्च. त्रास झालाच तर तळणीच्या तेलाने. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात आणि चीक काढून चोथा टाकतात. पाण्यात विरघळणारं बरंचसं त्यातच निघून जात असावं, असा माझा तर्क आहे. दोन कुरडया मला चालतात, दोन पोळ्या मात्र मोजून खाव्या लागतात. सांडग्यांपाशी मी सावध होते. सांडगा म्हणजे वाळलेली वाटलेली डाळच. आमच्याकडे वाटीभर पातळ वरणात 20-25 ग्रॅम डाळ जाते. सांडग्यांच्या भाजीत माणशी 50 ग्रॅम सहज होते. वाळवलेल्या गवारीची गोष्ट तीच. मूठभर वाळली गवार भिजून फुगली की पातेलंभर होते, तेव्हा ती माणसांत वाटून खायची.

एक सूचना गंभीरपणे. हे सगळं आयबीएसबद्दल आहे. क्रोन्स आजारात किंवा ऑपरेशननंतर आतडं एखाद्या ठिकाणी अरुंद झालेलं असू शकतं. तिथे सुकी फळं आणि चिवट तंतूच्या भाज्या अडकून आतडं बंद पडण्याचा धोका असतो. त्यांनी माझे 25 बेदाणेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावेत.

आता आईंबद्दल. एवढं सगळं घरात चाललं असताना त्या एकदा हळूच म्हणाल्या की त्यांना लग्नाआधीपासून बद्धकोष्ठ आहे, आणि भिजवलेल्या अंजिरांनीच त्या इतकी वर्षं निभावून नेत आहेत. त्या वाटीमागे हे होतं. त्यांना जे औषध ठरलं तेच त्या मला देत होत्या. आणि त्यांचा अनुभव बरोबरच आहे. 2011 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी बद्धकोष्ठाच्या 40 रुग्णांना तीन आठवडे रोज दोनदा 50 ग्रॅम प्रून, म्हणजे सुकवलेले आलूबुखार, देऊन पाहिले आणि तेच रुग्ण इसबगोलावर असतानाचा फरक तपासला. प्रूनचा गुण जास्त दिसला. 100 ग्रॅम प्रूनमध्ये 14-15 ग्रॅम सॉर्बिटॉल असतं. मला मेट्रोतून उतरायला लावणारी गोष्ट ती हीच.

डॉक्टरांना विचारून आई आता रोज चार प्रून खातात (त्यांना मधुमेह नाही, असता तर साखरेचा हिशेब आधी लागला असता). ते आणायला आम्ही दोघी महिन्यातून एकदा बेगम बाजारात जातो. दुकानदार सवयीने दोघींच्या हातावर एकेक अंजीर ठेवतो. माझं अर्धं मी मोडून आईंच्या हातावर देते, आणि त्या ते तोंडात टाकत घासाघीस चालू ठेवतात.